रेड स्टार : पाच वेळा कूप द फ्रान्स जिंकलेला क्लब खालच्या विभागांत कसा गेला?

उत्तरवेस (प्रश्न)

नमस्कार. कामानिमित्त गेली दोन वर्षे मी पॅरिसच्या उत्तर वेशीलगत राहतो. मध्यंतरी शेजाऱ्यांच्या आग्रहावरून सँतुआँ येथील बोएर मैदानावर रेड स्टार या फुटबॉल क्लबचा फ्रेंच साखळीच्या दुसऱ्या विभागातील सामना पाहिला. मैदान चारही बाजूंनी वस्तीत इतके रुतलेले आहे की एका गोलच्या मागे उभ्या असलेल्या निवासी इमारतीच्या सज्जांत माणसे सामना पाहत उभी होती. खेळाडूंचा पोशाख हिरवा-पांढरा होता आणि छातीवरच्या चिन्हात मात्र लाल तारा. माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सामना सुरू होण्यापूर्वी समोरच्या पत्र्याच्या छपराकडे बोट दाखवून ‘रिनो’ एवढेच म्हटले. माझे फ्रेंच अपुरे असल्यामुळे पुढचे समजले नाही.

घरी येऊन वाचले तेव्हा कळले की या क्लबने पाच वेळा कूप द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय फुटबॉल चषक, जिंकला आहे आणि त्याचा संस्थापक झ्यूल रिमे हा पुढे विश्वचषक स्पर्धेचा जनक ठरला. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे नाव साम्यवादी चळवळीतून आले आहे का? इतका जुना आणि यशस्वी क्लब पन्नास वर्षे पहिल्या विभागाबाहेर का राहिला? आणि रिनो कोण होता? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

जुनी कात्रणे

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना चकित करते. क्लबची स्थापना २१ फेब्रुवारी १८९७ रोजी पॅरिसमध्ये झाली, म्हणजे रशियन क्रांतीच्या वीस वर्षे आधी, आणि संस्थापक झ्यूल रिमे हा श्रद्धाळू कॅथलिक होता. नावाविषयी जी हकिकत सांगितली जाते ती अशी, की मिस जेनी नावाच्या इंग्रज बाईंनी ते सुचवले. रेड स्टार लाइन या जहाज कंपनीच्या बोटीने त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. त्या काळी फुटबॉल हा इंग्रजांचाच खेळ मानला जात असल्यामुळे फ्रेंच तरुणांना इंग्रजी नावाचे आकर्षण होते, त्यात नवल नाही.

पण नाव राजकीय नव्हते म्हणून क्लबच्या स्थापनेमागे विचार नव्हता असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील क्रीडामंडळे प्रामुख्याने सुखवस्तू घरांतील मुलांची होती. रिमे स्वतः खेड्यातून आलेल्या सामान्य कुटुंबातला, शिकून वकील झालेला. आपल्या क्लबात सभासदाची ऐपत किंवा घराणे पाहिले जाऊ नये, असा त्याचा आग्रह होता. हाच मनुष्य १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षे फिफाचा अध्यक्ष होता आणि १९३० मध्ये उरुग्वेत पहिला विश्वचषक त्याच्याच प्रयत्नांमुळे भरला. माझ्या मते विश्वचषकाचे बीज या छोट्या क्लबाच्या दाराशी शोधले तर ते चुकीचे ठरणार नाही.

सुरुवातीला हा क्लब आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, शां द मार्सवर खेळत असे. जागा बदलत बदलत तो १९०९ मध्ये सँतुआँला आला आणि तेथेच रुजला. ही गिरण्या-कारखान्यांची वस्ती होती. पॅरिसभोवतीच्या ज्या कामगार उपनगरांना ‘लाल पट्टा’ म्हणत, त्यांपैकी हे एक, आणि १९४५ ते २०१४ एवढा प्रदीर्घ काळ तेथील महापौर साम्यवादी पक्षाचा होता. त्यामुळे जहाज कंपनीवरून आलेल्या ताऱ्याला नवा अर्थ त्या वस्तीने दिला, संस्थापकाने नव्हे. मैदान ज्या नावाने ओळखले जाते ते डॉक्टर बोएरही दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकार चळवळीतले साम्यवादी होते आणि १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले.

बाकावरचा

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण त्याचे उत्तर ‘पैसा नव्हता’ एवढ्यावर संपवले जाते आणि ते पुरेसे नाही.

आधी वैभव पाहू. १९२१, १९२२ आणि १९२३ असे सलग तीन वर्षे, नंतर १९२८ आणि १९४२ मध्ये रेड स्टारने कूप द फ्रान्स जिंकला. गोलरक्षक पिएर शेरीगेस, बचावपटू ल्युसियँ गाँब्लँ आणि आघाडीचा पॉल निकोला हे त्या काळातील फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे आधारस्तंभ होते. गोलरक्षकाने गोलरेषेवर थांबून राहायचे अशी रीत असताना शेरीगेस पुढे धावत येऊन चेंडूवर झेपावत असे. १९२१ च्या अंतिम सामन्यात ज्या ऑलिम्पिक द पारी या संघाला २-१ ने हरवले, त्याच संघाशी १९२६ मध्ये रेड स्टारचे विलीनीकरण झाले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये व्यावसायिक साखळी सुरू झाली तेव्हा पहिल्या वीस संघांत रेड स्टार होता, परंतु पहिल्याच हंगामात तो खाली घसरला आणि पुढे चढ-उतार हीच त्याची रीत झाली.

घसरणीचे खरे कारण मला असे दिसते की संकट आले की क्लब दुसऱ्या कोणाशी तरी जोडून घ्यायचा, आणि प्रत्येक जोडणीत आपले थोडे काही गमावायचा. १९४८ ते १९५० या काळात स्ताद फ्रान्से या पॅरिसच्याच दुसऱ्या क्लबाशी संसार करून पाहिला, तो टिकला नाही. १९५५ मध्ये सामना विकत घेण्याच्या प्रकरणामुळे पहिल्या विभागात जाण्याचा मिळवलेला हक्क काढून घेण्यात आला. सर्वांत विलक्षण प्रकार १९६७ चा आहे. दक्षिणेकडील तुलूझ शहराचा क्लब त्या वेळी पहिल्या विभागात होता. त्याचे विलीनीकरण रेड स्टारमध्ये करून पहिल्या विभागातील जागा शेकडो किलोमीटर दूर सँतुआँला आणण्यात आली. या व्यवहाराने तुलूझच्या चाहत्यांचा संघ एका कागदाने नाहीसा केला, हे रेड स्टारवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे. त्यातून मिळालेले आयुष्यही थोडेच होते. १९७४-७५ हा पहिल्या विभागातील शेवटचा हंगाम ठरला.

त्यानंतर कर्जे आणि नव्याने उभारणी यांचे फेरे सुरू झाले आणि २००३ पर्यंत क्लब थेट सहाव्या स्तरावर, म्हणजे इल-द-फ्रान्सच्या प्रादेशिक साखळीत पोहोचला. तेथून परत येण्यास बारा वर्षे लागली. २०१५ मध्ये नॅशनल ही तिसऱ्या स्तराची स्पर्धा जिंकून संघ दुसऱ्या विभागात आला, पण बोएर मैदान व्यावसायिक साखळीच्या निकषांत बसत नसल्यामुळे घरचे सामने उत्तरेकडील बोव्हे शहरात आणि पुढच्या हंगामात पॅरिसच्या श्रीमंत पश्चिम भागातील झाँ-बुआँ मैदानात खेळावे लागले. चढून आलेल्या संघाला त्याचे घरचे मैदानच मिळाले नाही आणि २०१७ मध्ये तो पुन्हा खाली गेला. २०१८ मध्ये वर, २०१९ मध्ये परत खाली, आणि अखेर २०२४ मध्ये हबीब बे यांच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल जिंकून वर. मधल्या काळात मैदानाचे नूतनीकरण टप्प्याटप्प्याने झाले, म्हणूनच आपल्याला सामना सँतुआँतच पाहता आला. २०२२ मध्ये क्लब एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला तेव्हा प्रेक्षकांनी उघड विरोध केला. १९६७ ची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना मालकी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तरवेस

दोघांचेही मनापासून आभार. सज्जांतली माणसे का उभी होती ते आता वेगळेच वाटू लागले आहे. रिनोविषयीही कृपया लिहावे.

जुनी कात्रणे

रिनो देला नेग्रा. जन्म १८ ऑगस्ट १९२३, उत्तर फ्रान्समधील व्हिमी या गावी, इटालियन स्थलांतरित आईवडिलांच्या पोटी. कुटुंब पॅरिसजवळच्या आर्जाँतय येथे आले आणि चौदाव्या वर्षी तो मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला. तो वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा आघाडीचा खेळाडू, होता. १९४३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या मजुरीसाठी जाण्याचा हुकूम आला तेव्हा तो गेला नाही आणि मिसाक मानुशियाँ यांच्या परदेशी व स्थलांतरितांच्या सशस्त्र गटात दाखल झाला. नेमक्या त्याच सुमारास त्याला रेड स्टारने संघात घेतले होते. म्हणजे खोट्या कागदपत्रांवर भूमिगत जगणारा हा वीस वर्षांचा मुलगा मैदानावर मात्र आपल्या खऱ्या नावाने खेळत होता. हे वाचून दर वेळी मी थांबतो.

१२ नोव्हेंबर १९४३ रोजी लाफायेत रस्त्यावर जर्मन रोकड नेणाऱ्यांवरील हल्ल्यात तो जखमी होऊन पकडला गेला. २१ फेब्रुवारी १९४४ रोजी पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियँ किल्ल्यावर सहकाऱ्यांसह त्याला गोळ्या घालण्यात आल्या. रेड स्टारचा तो सत्तेचाळिसावा वाढदिवस होता. मरणापूर्वी भावाला लिहिलेल्या पत्रात घरच्यांची, मित्रांची विचारपूस आहे आणि सगळ्या रेड स्टारला माझा निरोप आणि नमस्कार कळव, अशा अर्थाचे एक वाक्य आहे.

आपल्या शेजारच्या गृहस्थांनी दाखवलेल्या बाजूला चाहते रिनोचेच नाव लावतात. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी मानुशियाँ दांपत्याला पॅरिसच्या पँथियनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या समाधिस्थळात, स्थान देण्यात आले आणि तेथे कोरलेल्या सहकाऱ्यांच्या नावांत रिनोचेही नाव आहे. पुढच्या सामन्याला गेलात आणि ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर त्यांना त्या पत्राविषयी अवश्य विचारा. बोएरवरच्या जुन्या माणसांना ते तोंडपाठ असते.