मदत हवी आहे : सव्वादोन वर्षांचा मुलगा बोलत नाही, बडोद्यात मराठीतून स्पीच थेरपी?

आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारजवळ राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे आणि स्पष्ट शब्द जेमतेम सात-आठ: आई, बाबा, पाणी, 'आवजो' वगैरे. दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. समजतं मात्र सगळं. 'आजीचा चष्मा आण' म्हटलं की बरोबर आणतो, कुकरची शिट्टी झाली की माझा हात धरून स्वयंपाकघरात ओढत नेतो. हाक मारली की बघतो, बोटाने दाखवतो, नजर देतो.

बेरा चाचणी झाली, ऐकू नीट येतंय. मोबाइल बंद केलाय (कार्टूनशिवाय जेवण म्हणजे रोजचं युद्ध, पण चाललंय). बालरोगतज्ज्ञांनी स्पीच थेरपी सुचवली.

अडचण पुढे आहे. घरात मराठी, खाली मुलांत गुजराती. इथल्या एका थेरपिस्ट म्हणाल्या, मराठी बंद करा, घरात फक्त गुजराती बोला. मी वाचलंय त्याप्रमाणे दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, आणि सासूबाईंना गुजराती धड येत नाही. दिवसभर तो त्यांच्याचकडे असतो. त्यांनी त्याच्याशी बोलणंच कमी करायचं, हे मला पटत नाही.

'मुलगे उशिराच बोलतात, थांबा' हे ऐकून झालंय, थांबायचं नाहीये. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे शनिवार किंवा संध्याकाळच जमेल. ऑनलाइनही चालेल, पण एवढंसं पोर स्क्रीनसमोर बसतं का?

मराठीतून थेरपी देणारं बडोद्यात कुणी माहीत आहे का? आणि ज्यांची मुलं अशीच दोन भाषांत वाढली, त्यांनी थेरपी कोणत्या भाषेत घेतली?