सिम्युलेटरवर ग्रुप तळहाताएवढा, रेंजच्या बटवर चाळणी: चुकतंय कुठं?

जालनाकर: रिक्रूट तुकडीचं इन्सास रायफलवर १०० मीटरचं फायर आहे. त्याआधी प्रत्येकाचे सिम्युलेटरवर (गोळीऐवजी लेसर, समोर पडदा) लाइंग पोझिशनमधून, म्हणजे पोटावर झोपून, ५-५ राउंडचे सहा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या राउंडांचा पुंजका) घेतले. पडद्यावर बहुतेकांचा ग्रुप तळहातात मावतो. रेंजवर, बटसमोर (टार्गेटमागचा मातीचा बांध), तीच पोरं राउंड विखुरतात, जास्त करून खाली. फायरर पडद्यापासून ५ मीटरवर, शेड पत्र्याचं. रायफली उस्तादांनी झिरो करून (नेम आणि गोळी जुळवून) दिल्यात. मशीन बंदच करावं का?

उस्ताद_नांदेड: बंद नका करू, पण छिद्रं मोजणं थांबवा. शॉटच्या आधीच्या सेकंदात नेम कसा हलला ती पडद्यावरची रेघ बघा. रेघेची गाठ एका जागी घट्ट आणि शॉटच्या क्षणी तिला शेपूट फुटलं, तर ट्रिगर हिसडला. रेघ वर-खाली जात असेल तर श्वास. आडवी झुलत असेल तर कोपरं आणि शरीराचा कोन; रायफल आपणहून टार्गेटवर येत नाही, पोरगं ताकदीनं वळवतंय.

दचका (आवाजाच्या धास्तीनं आधीच अंग आखडणं) मात्र सिम्युलेटरवर सापडणार नाही. हवेच्या दाबाचा झटका कितीही दिला तरी कानाशी स्फोट होत नाही, मग माणूस दचकेल कामून? रेंजवर मॅगझिन उस्तादानं भरावी, जिवंत राउंडांत एक-दोन ड्रिल (न उडणारी, सरावाची) काडतुसं, क्रम फायररला कळू न देता. ड्रिलवर नळी खाली डुबली की निदान झालं. राउंड उडला नाही तर तो ड्रिलच आहे असं धरायचं नाही. नळी टार्गेटकडेच, हुकुमाशिवाय बोल्टला हात नाही. ड्रिल काडतुसं मोजून द्यायची, मोजून घ्यायची.

आणि उस्तादांनी झिरो केलेली रायफल म्हणजे उस्तादांचा झिरो. गाल टेकवण्याची जागा माणसागणिक बदलते. ग्रुप घट्ट पण एका बाजूला पडला तरच साइट (नेम धरायची खूण) हलवा. विखुरलेल्या ग्रुपवर साइट फिरवणं म्हणजे आजार एक, औषध दुसरं.

लेन_दुरुस्ती: मशीनचंही बघा. लेसर नळीत, डोळा साइटवर. दोघांत समजा ६ सेंमी अंतर. या दोन रेषा कॅलिब्रेशनमध्ये (मशीन जुळवताना) ५ मीटरवर जुळवलेल्या असतात. फायरर अर्धा मीटर पुढं सरकला की पडद्यावर ६ मिमी फरक पडतो. ५ मीटरवरचा १ सेंमी म्हणजे १०० मीटरवरचे २० सेंमी, म्हणून हिशेबात १२ सेंमीची चूक होते. जमिनीवर रंगाची पट्टी मारा, कोपरं त्यावरच.

पत्र्याच्या शेडात लेसरचा ठिपका टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ऊन आणि हॅलोजन दोन्ही नडतात, कारण दोघांतही इन्फ्रारेड असतं आणि कॅमेरा तेच शोधतो. दुपारी फटीतून कवडसा पडद्यावर आला की भलतेच शॉट नोंदतात. फटी बुजवा, दिवे एलईडी लावा. वैशाखात प्रोजेक्टरचा फिल्टर रोज झाडा. धुळीनं प्रोजेक्टर तापून बंद पडतो. लाइट जाण्याचं तर आपल्याकडं विचारूच नका, यूपीएस ठेवाच. प्रोजेक्टर किंचित हलला तरी कॅलिब्रेशन नव्यानं. रायफलीचा झटका सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) असेल तर भराभर फायरमध्ये बाटली गार होऊन दाब उतरतो, शेवटच्या पोराला झटकाच लागत नाही.

जालनाकर: पट्टी नाहीये, ज्याला जमेल तिथं झोपतोय. बाटली सीओटूचीच. ३०० मीटरचा सराव यावरच घेतला तर?

लेन_दुरुस्ती: ४५ सेंमी रुंद टार्गेट ३०० मीटरच्या हिशेबानं तुमच्या पडद्यावर साडेसात मिमी. पडदा ३ मीटर रुंद, आडवे १९२० ठिपके धरले तर एक ठिपका दीड मिमीहून थोडा मोठा. पाच ठिपक्यांच्या चौकोनाचा मध्य पोरगं कुठं शोधणार? ३०० ला स्नॅप शूटिंग (क्षणभर दिसणाऱ्या टार्गेटवर झटपट फायर), टार्गेट ओळखणं, फायरचे हुकूम एवढंच घ्या. ग्रुपिंग १०० पर्यंतच.

उस्ताद_नांदेड: वाराही पडद्यावर नुसता आकडा असतो, गालाला लागत नाही. ते शिकवायला बटच पाहिजे.