पहिला लॅपटॉप घेताना : कोकणातील अनुभव

बारावीचे निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की घरातला पहिला लॅपटॉप कोणता घ्यावा, हा प्रश्न अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी निघतो. इंटरनेटवरचे सल्ले बहुधा मोठ्या शहरांतल्या माणसांनी दिलेले असतात. त्यांत आपल्याकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वरचेवर जाणारी वीज आणि लांबवरचे सर्व्हिस सेंटर यांचा हिशेब नसतो. म्हणून पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास आणि ऑनलाइन अर्ज एवढ्याच कामांसाठी बेताच्या किमतीत ज्यांनी लॅपटॉप घेतला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती.

देवगड, आंबा बागायतदार

आमच्याकडे लॅपटॉप आला तो पेट्यांच्या हिशेबासाठी. हंगामात कोणत्या गिऱ्हाइकाला किती डझनांची पेटी गेली, वाहतुकीचे किती झाले, आगाऊ रक्कम कोणाची जमा झाली, हे सारे वहीतून एक्सेलमध्ये आणायचे होते. शिवाय सातबारा काढणे आणि मुलीचा अभ्यास होताच. मर्यादा ४० हजार रुपयांची होती. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. एकावर इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे (लॅपटॉपच्या मुख्य चिपचे) ‘आय-५’ हे नाव ठळक लिहिलेले होते, पण तो प्रोसेसर दहाव्या, म्हणजे जुन्या पिढीचा होता; दुसरा ‘आय-३’, पण बाराव्या पिढीचा. भाच्याने पूर्ण क्रमांक वाचून दाखवला. ‘१२१५यू’ यातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, आणि या आय-३ मध्ये सहा कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे चिपचे भाग) आहेत, तर त्या आय-५ मध्ये चारच. आम्ही आय-३ घेतला, ८ जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती) आणि ५१२ जीबी एसएसडी (फायली ठेवण्याची वेगवान साठवण) यांसह. एक्सेल, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी उघडे असूनही ऐन मे महिन्यात तो अडलेला नाही. सोबत मिळणारे मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) कायमचे आहे की वर्षभराच्या वर्गणीचे, हे मात्र बिल होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

गुहागर तालुका, प्राथमिक शिक्षिका

आमच्या शाळेला देणगीदाखल मिळालेल्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण होती. विंडोज ११ ची किमान अट नेमकी एवढीच असल्यामुळे खोक्यावरचा मजकूर खोटा नव्हता; पण विंडोजनेच निम्मी जागा व्यापल्यावर पुढचे अपडेट उतरवायला जागा उरेना. ही साठवण ईएमएमसी प्रकारची, म्हणजे मुख्य बोर्डावरच डाखलेली असल्याने ती बदलताही येत नाही. देणगीदाराविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे, तरी कोणी शाळेला नवा लॅपटॉप देणार असेल, तर २५६ जीबी तरी एसएसडी पाहावा, असे कळकळीने सांगावेसे वाटते. मराठी टंकलेखनासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठी ठरवलेला) कळफलक असतोच, आणि त्यात टाइप केलेला युनिकोड (कोणत्याही संगणकावर वाचता येणारा) मजकूर शासकीय अर्जांतही सरळ चालतो.

मालवण, घरगुती निवासव्यवस्था चालवणारे

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा लॅपटॉप मी घेतला. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे आठव्या पिढीखालचे काही पाहायचेच नाही, असे ठरवले होते. विक्रेत्यासमोरच बॅटरी रिपोर्ट काढला. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आजची क्षमता मूळच्या निम्मीच दिसत होती, म्हणून नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. बायोसला (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) जुन्या मालकाचा पासवर्ड तर नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

चिपळूण, संगणक दुरुस्ती करणारे

माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत प्रोसेसर बिघडलेले क्वचितच असतात. येतात ती दमटपणाने आणि विजेने बिघडलेली. किनाऱ्यालगतच्या गावांतून आलेला लॅपटॉप उघडला, की चार्जिंगच्या जोडणीवर आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांजवळ हिरवट थर दिसतो. पावसाळ्यात लॅपटॉप प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला, तर आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा तो रोज थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. चार्जरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेली असते आणि मग धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक येतात. बहुतेक वेळा लॅपटॉप निर्दोष असतो; चार्जरमधून झिरपणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट मिळालेली नसते. घरच्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घेण्याचा खर्च लॅपटॉपच्या खर्चातच धरावा. ढग गडगडू लागले की चार्जर काढावाच, पण ब्रॉडबँडची केबल लॅपटॉपला लावलेली असेल तर तीही काढावी, कारण तिच्या वाटेने आलेल्या झटक्याने बोर्ड गेल्याची उदाहरणे माझ्या टेबलावर आली आहेत.

घेतानाच विचारावा असा एक प्रश्न म्हणजे रॅम पुढे वाढवता येईल का. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर डाखलेली असते. अशा वेळी ८ जीबीच्या खाली जाऊ नये. आणि फोटो, दाखले, हिशेब यांची एक प्रत दुसरीकडे असावी. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिखलाने भरलेले लॅपटॉप लोक पिशव्यांतून घेऊन आले, तेव्हा कोणीही यंत्राच्या किमतीची चौकशी केली नाही. सगळ्यांना आतले फोटो हवे होते.

दापोली, सेवानिवृत्त लिपिक

वयस्क वाचकांसाठी एवढेच सांगतो, की पडद्याची फुल एचडी स्पष्टता सोडू नये आणि आयपीएस (कडेने पाहिले तरी नीट दिसणारा) पडदा मिळत असेल तर तोच घ्यावा. पडवीतल्या उजेडात, किंचित बाजूने बसूनही अक्षरे फिकी पडत नाहीत.

श्रीवर्धन, पदवीची विद्यार्थिनी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे वीज परत यायला फार दिवस लागले होते. त्यामुळे लॅपटॉप घेताना वडिलांनी पहिला प्रश्न चार्जिंगचाच केला. मी टाइप-सीवरून चार्ज होणारा निवडला. एकाच ६५ वॅटच्या चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही चालतात आणि चार्जर बिघडला तर दुसरा मिळणे सोपे जाते. सगळ्याच टाइप-सी जोडण्यांतून चार्जिंग होत नाही, काहींतून फक्त माहिती जाते, म्हणून दुकानात प्रत्यक्ष लावून पाहिले. वॉरंटीत माणूस घरी येणार की लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यावा लागणार, हेही आमचा पिनकोड सांगून कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारले. दोन मॉडेलांपैकी एकाची घरपोच सेवा आमच्या गावापर्यंत नव्हती. दुसरे दीड हजाराने महाग होते, तेच घेतले.