गिरणगावचा ‘हजारी ६६६’ : बालमृत्यूदर खरा की कागदावरचा?

लालबागकर

जुन्या गिरणगावावर काहीही लिहिलं की खाली कोणीतरी हा आकडा चिकटवतोच : १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ६६६ वर्षाच्या आत दगावली. एका खोलीतल्या बिऱ्हाडांत तर ८२८. माझं स्पष्ट मत, हा आकडा बालमृत्यूदर म्हणून वापरणं बंद करा.

म्युनिसिपालिटीकडे मृत्यूची नोंद स्मशान-कबरस्तानांतून बऱ्यापैकी पक्की व्हायची. जन्माचं तसं नव्हतं. त्यात १९२१च्या शिरगणतीत शहरातली सुमारे ८४ टक्के माणसं मुंबईबाहेर जन्मलेली, एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली दोन लाखांच्या वर. बाई दिवस भरत आले की बोटीनं गावी जाणार, बाळंतपण तिकडे, आणि पोरानं जरा बाळसं धरलं की परत चाळीत. म्हणजे जन्म गावच्या दप्तरात आणि मृत्यू मुंबईच्या. हिशेबापुरतं समजा, परळात १०० जन्म नोंदले, आणखी १०० तान्ही गावाहून आली, आणि या दोनशेतली ६६ गेली. खरा दर हजारी ३३०, कागदावर ६६०. वरचा आकडा एका लोकांचा, खालचा दुसऱ्यांचा. अशा भागाकाराला दर कसं म्हणायचं?

सुमेधा_ठाणे

गणित बरोबर, पण तुम्ही एकाच बाजूची गळती मोजलीत. गावी जन्मून गावीच गेलेलं मूल मुंबईच्या मृत्यूंत येत नाही. इथे जन्मून, आजारी पडल्यावर गावी नेलेलं आणि तिथे गेलेलंही येत नाही.

आणि उरलेले आकडे का गाळलेत? एक खोली ८२८, दोन खोल्या ३२२, तीन खोल्या १९१, चार किंवा जास्त १३३. घ्या, फक्त एका खोलीचा आकडा निम्मा करते, बाकीच्यांना हात लावत नाही. ४१४ उरतात. तरीही चार खोल्यांच्या तिप्पट.

त्याच सुमारास डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स गिरणीतल्या बायांच्या चाळींतून फिरत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, पंधरा फूट बाय बारा, त्यांना सहा कुटुंबं सापडली. जमिनीवर सहा वेगळ्या चुली. लहानथोर मिळून ३० माणसं, आणि सहापैकी तीन बायांचे दिवस भरत आलेले. आई पाळीवर गेली की पोर रडू नये म्हणून अफूची बाळागोळी. हे पाहून मला तर ६६६चं फारसं नवल वाटत नाही.

चिंचपोकळी_स्लो

दोघंही दप्तराला फारच मानता बुवा. मृत्यूची नोंद पक्की म्हणे! मृत्यूचं कारण कोण खरं सांगत होतं? १८९६ला मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतर घरात रोगी आहे हे कळलं की सक्तीनं इस्पितळात आणि सामानाची होळी. मग लोक रोगी लपवायचे आणि कारण सांगायचे ताप. त्या काळचा कारणांचा रकाना मी तरी जराही खरा मानणार नाही.

लालबागकर

@चिंचपोकळी, कारण खोटं असेल, पण प्रेत खोटं नसतं. मी संख्येबद्दल बोलतोय.

आणि प्लेगचा विषय काढलाच आहे तर हेही बघा. १ मार्च १९०१ची शिरगणती ऐन प्लेगच्या मोसमात झाली. लोक घरांना कुलपं लावून पळालेले. मुंबई भरली ७,७६,००६, म्हणजे १८९१च्या ८,२१,७६४ पेक्षाही कमी. पुढे १९०६ला म्युनिसिपालिटीनं स्वतः डोकी मोजली तर ती पावणेदहा लाखांच्या घरात गेली. मधल्या वर्षांचे मृत्यूदर रिकाम्या शहराच्या संख्येनं भागले तर फुगणारच.

सुमेधाताई, निम्मंच का? तिसरा हिस्सा का नाही? बाळंतपणाला गावी कोण जायचं, एका खोलीतले की चार खोल्यांतले? सगळी चूक एकाच टोकाला साचते. ४१४ हा आकडा तुमचा आहे, १९२१चा नव्हे.

सुमेधा_ठाणे

तिसरा हिस्सा घ्या, २७६. तरी १३३च्या दुप्पट. किती खाली जायचं ठरवलंय?

अंदाज नकोत तर एक उपाय आहे. फक्त पहिल्या आठवड्यात गेलेली मुलं घ्या. सात दिवसांचं पोर घेऊन ओली बाळंतीण बोटीनं येत नव्हती. म्हणजे ती मुलं इथेच जन्मलेली. त्यांचा दर खोल्यांप्रमाणे काढा आणि मग बोला.

चिंचपोकळी_स्लो

आता कसं! ही बाई कामाची आहे.

लालबागकर

उपाय चांगला आहे, पण गोची तीच. चार दिवसांत गेलेल्या मुलाचा जन्म नोंदवायला कोण जाणार? मृत्यू लागेल, जन्म लागणार नाही, आणि दर पुन्हा वर.

सुमेधा_ठाणे

मग दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवायची. मृत्यू नोंदलाय आणि जन्म नाही, असं पहिल्या आठवड्यातलं प्रत्येक मूल जन्मांत धरायचं. किती जन्म बुडाले याचा काहीतरी अंदाज तिथेच लागेल. एका वॉर्डापुरतं केलं तरी पुरे. परळचा एफ वॉर्ड घेऊ. आकडा खाली आला तर मीच इथे येऊन टाकीन, पण १३३च्या जवळ येईल असं मला अजिबात वाटत नाही.