नोव्हेंबरचा अर्ज प्रिन्स्टनवर उधळू नका

रारिटनकर (न्यू जर्सी)

बारावीतल्या मुलांच्या घरी सप्टेंबरपासून एकच विषय: अर्ली, म्हणजे कॉलेजप्रवेशाचा नेहमीच्या मुदतीआधीचा अर्ज, कुठे टाकायचं? यंदा मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही तेच चाललं होतं आणि ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं, प्रिन्स्टन. येता-जाता पाटी दिसते, त्यामुळे आपल्याच गावातलं वाटत असावं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ज्या मुलामागे ना खेळाचा कोच आहे, ना तिथे शिकलेले आईवडील, त्याने अर्लीची संधी प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, स्टॅनफर्डवर घालवू नये. ती अर्ली डिसिजन असलेल्या कॉलेजला द्यावी. ते कॉलेज नातेवाईकांना सांगायला जरा कमी भारी वाटलं तरी चालेल.

नवख्यांसाठी थोडक्यात. साधं अर्ली ॲक्शन म्हणजे एमआयटी, रटगर्स, पर्ड्यू वगैरे. कितीही ठिकाणी टाका, मिळालं तरी जायची सक्ती नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचं अर्ली ॲक्शन मर्यादावालं. तिथेही सक्ती नाही, पण त्या काळात दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठं चालतात. आणि मग अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी (भारतातली नव्हे, पण सुटका तितकीच अवघड). एकाच ठिकाणी टाकायचं, मिळालं तर जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. ब्राउन, कॉर्नेल, पेन, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न यांच्याकडे हे आहे. अर्ज साधारण 1 नोव्हेंबरपर्यंत, निकाल डिसेंबरच्या मध्यावर.

आता कॉलेजच्या खुर्चीत बसून बघा. ईडीने घेतलेला मुलगा येणार म्हणजे येणारच. साध्या फेरीतून मार्चमध्ये घेतलेला आणखी चार ठिकाणी मिळालं म्हणून निघून जाऊ शकतो. म्हणूनच पेनसारखं कॉलेज जवळपास निम्मी बॅच डिसेंबरातच भरून टाकतं. 2025 साली दाखल झालेल्या बॅचसाठी ब्राउनने ईडीतल्या साधारण 18 टक्के अर्जदारांना घेतलं, एकूण प्रमाण मात्र 6 टक्क्यांच्या आत होतं. त्याच वर्षी एमआयटीत अर्लीला 6 टक्के आणि एकूण साडेचार. ज्या कॉलेजला बांधिलकी हवी आहे तेच अर्ली अर्जाला भाव देतं, बाकीची नाहीत.

आणि प्रिन्स्टन राहिलं तर? तिथे जानेवारीत साधा अर्ज टाका की. कोणी अडवलंय?

---

मीठभाकर (ओहायो)

आकडे ठीक आहेत, पण अख्ख्या पोस्टमध्ये पैशाचा एक शब्द नाही. अशा नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट खर्च आता वर्षाला 90,000 डॉलरच्या वर गेलाय. चार वर्षं धरा. घरात दुसरं पोर असेल तर पुन्हा धरा.

ईडीत तुम्ही किंमत कळायच्या आधी हो म्हणता. मार्चमधला मुलगा तीन-चार कॉलेजांची मदतपत्रं (कोण किती आर्थिक मदत देणार ती पत्रं) जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवतो, मग आईबाप फोन उचलून विचारतात की अमुक ठिकाणी 15,000 जास्त देतायत, तुमचं काय? ईडीवाल्याच्या हातात एकच कागद असतो आणि समोरच्याला ते माहीत असतं.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणारा) कायद्याने 2011 पासून प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर आहे. तो भरायला अर्धा तास लागतो. त्यात काही कॉलेजं घराची इक्विटी (किमतीतून कर्ज वजा जाता उरतं ते) विचारतात, काही विचारत नाहीत, आणि तेवढ्या एका रकान्याने वर्षाचा आकडा केवढा बदलतो ते स्वतः भरून बघा. सोळा वर्षं हप्ते फेडलेलं घर असलं की आपण कागदावर एकदम श्रीमंत होतो! आईबापांनी तो भरून त्या आकड्यावर "हे झेपेल" असं लिहून दिल्याशिवाय ईडीचं नाव काढू नये.

---

रारिटनकर

मीठभाकर, कॅल्क्युलेटरबद्दल शंभर टक्के सहमत. पण मग निष्कर्ष असा निघतो की आकडा झेपत असेल तर ईडी टाका. आणि मदत खरोखरच अपुरी पडली तर ईडीच्या करारातून बाहेर पडता येतं, ती सोय आहे.

---

मीठभाकर

"अपुरी" कोण ठरवणार? कॉलेजचं गणित म्हणतं तुम्हाला 60 हजार झेपतात, तुम्ही म्हणता 40. ही चर्चा डिसेंबरच्या सुट्टीत करायची, आणि जमलं नाही तर उरलेल्या दहा-बारा अर्जांचे निबंध त्याच आठवड्यात.

---

कुपर्टिनोची_काकू

आमच्याकडे अर्धा प्रश्न उद्भवतच नाही. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, यूसीतल्या (कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठातल्या) कोणालाही अर्ली नाही. सगळ्यांसाठी एकच अर्ज, मुदत नोव्हेंबरअखेरच्या आसपास. ना शिफारसपत्रं, ना सॅट ही प्रवेशपरीक्षा. ईडी मिळालं तर यूसीचा निकाल बघायलाही मिळत नाही, तो अर्जच मागे घ्यावा लागतो. इन-स्टेट (राज्यातल्यांच्या कमी फीचं) बर्कली सोडून दुप्पट पैशात कुठे जायचं, हा विचार इथल्या आयांनी करावा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. रारिटनकर, तुम्ही म्हणताय जिथे दार किलकिलं आहे तिथे घुसा. ठीक. पण चार वर्षं राहायचंय पोराला, तुम्हाला नाही! माझ्या ओळखीत एका मुलीला आईवडिलांनी असंच "चान्स जास्त" म्हणून ईडी टाकायला लावलं. मिळालं. डिसेंबरात पेढे वाटले. एप्रिलमध्ये मैत्रिणी कॉलेजं बघायला हिंडत होत्या, तेव्हा ही घरात दार लावून बसलेली. ते कॉलेज तिने पाहिलंसुद्धा नव्हतं.

---

तिसरा_मजला

+1 काकू. आपल्याकडे मुलगा कुठे जाणार हे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मुलाच्या आधी कळतं.

---

आकडेमोड्या (बॉस्टन)

ब्राउनच्या त्या 18 टक्क्यांवर सगळे उड्या मारतायत म्हणून लिहितोय. त्या गठ्ठ्यात कोण कोण असतं? खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं, जी आयव्हीत (हार्वर्ड, येल, ब्राउन वगैरे आठ जुनी खासगी विद्यापीठं) बहुतेक अर्लीतूनच येतात. माजी विद्यार्थ्यांची मुलं. ज्यांच्या शाळेतल्या काउन्सेलरला फक्त वीस-तीस मुलं सांभाळायची असतात आणि ज्यांचा अर्ज ऑगस्टमध्येच तयार असतो, अशी मुलं. हे सगळे बाजूला काढले तर तुमच्या-आमच्या हुक (असा खास वशिला) नसलेल्या पोराला उरतं ते 18 नक्कीच नाही. कॉलेजं ही फोड करून देत नाहीत, म्हणून उरलेला आकडा छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही.

तरीही फायदा शून्य नाही, हेही तितकंच खरं. ख्रिस्तोफर एव्हरी आणि रिचर्ड झेकहाउझर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी एका सहकाऱ्यासह 1990च्या दशकातले 14 निवडक कॉलेजांचे अर्ज तपासले होते. गुण वगैरे सारखे धरले तरी अर्ली अर्जाचा फायदा सॅटच्या साधारण 100 गुणांइतका निघाला. अभ्यास जुना आहे, तेव्हा सॅट 1600चीच होती पण गर्दी आजच्यासारखी नव्हती. दिशा बरोबर, आकार आज सांगता येत नाही, असं मी म्हणेन.

अवांतर: हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ, तिघांनी 2006 मध्ये अर्ली बंद केल्याचं जाहीर केलं होतं. कारण दिलं की याचा फायदा सुस्थितीतल्या घरांना होतो. बाकीच्यांनी अनुकरण केलं नाही. 2011 मध्ये तिघांनी अर्ली परत आणलं. आता मिशिगनसारख्या सरकारी विद्यापीठानेही ईडी सुरू केलंय. तेव्हा हे प्रकरण मिटणार नाही, त्यात कसं वागायचं तेवढंच आपल्या हातात आहे.

---

एच४ची_आई (नॉर्थ कॅरोलिना)

धागा वाचतेय, पण सगळे ग्रीनकार्ड गृहीत धरून बोलताहेत. आमच्यासारख्यांचं काय? मुलगी दुसरीपासून इथे शिकली, उच्चार पूर्ण इथले, पण व्हिसा एच-4, म्हणजे एच-1बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा. मदतीच्या बाबतीत बहुतेक खासगी कॉलेजं तिला परदेशी विद्यार्थ्यांतच धरतात. फेडरल मदत नाही. "गरज न बघता प्रवेश" ही जी मोठ्या अक्षरातली जाहिरात असते, ती कॉर्नेल, कोलंबिया, पेनसारख्या ठिकाणी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी. आम्ही मदतीच्या रकान्यात टिक केली की ते प्रवेशाच्या निर्णयातही मोजलं जातं.

म्हणून आमचं गणित उलटं आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी मुलांचीही गरज बघत नाहीत आणि घेतलं तर गरजेएवढं देतात. डार्टमाउथ आणि ब्राउन अलीकडे त्यात आलेत. दार अरुंद असलं तरी आमच्यासाठी आतली व्यवस्था तिथेच आहे. रारिटनकर म्हणतात प्रिन्स्टनवर उधळू नका. आम्हाला उधळायला दुसरीकडे जागाच कमी आहे.

---

रारिटनकर

एच४ची_आई, हा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये बसत नाही आणि बसवायचा खटाटोपही करत नाही. मदत हवी असेल आणि व्हिसा एच-4 असेल तर यादी तिथूनच सुरू व्हायला हवी. डार्टमाउथ आणि ब्राउनला ईडी आहे, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

---

पेठेतला (पुणे)

भाचीसाठी वाचतोय, ती इथूनच अर्ज करणार आहे. हे ऐकून आपल्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची आठवण झाली. तिथेही पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की ऑटो फ्रीज, मग पुढच्या फेऱ्या बघायच्या नाहीत. म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या ओळीत काय लिहायचं यावर रात्र-रात्र वाद. फरक इतकाच की आमच्याकडे गेल्या वर्षीचा कटऑफ समोर असतो. तुमच्याकडे सगळंच "होलिस्टिक", म्हणजे गुण, निबंध, खेळ सगळं एकत्र बघून.

एक विचारतो: मिळालं आणि नाही गेलं तर हे लोक नक्की काय करणार? पकडून थोडेच नेणार आहेत?

---

आकडेमोड्या

पेठेतला, पकडून नेत नाहीत. पण करारावर तीन सह्या असतात: मुलाची, पालकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची. तिसरी सही महत्त्वाची. 2025 मध्ये एका मुलाने माघार घेतली म्हणून टुलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतल्या त्याच्या शाळेतून वर्षभर ईडी अर्ज घेणं बंद केल्याची बातमी होती. म्हणजे शिक्षा मागून येणाऱ्या मुलांना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात 32 कॉलेजांविरुद्ध दावाही दाखल झाला, की ईडीमुळे आपसातली स्पर्धा संपते आणि मुलांना जास्त पैसे मोजावे लागतात. पण त्या भरवशावर यंदा सही करू नका.

---

दुसरी_पिढी

मी 2023 मध्ये ईडीने लागले, त्यामुळे लिहू का नको करत होते. (मराठी सांभाळून घ्या, आई तपासतेय.)

काउन्सेलरने मला शाळेचा स्कॅटरग्राम दाखवला होता. एका कॉलेजचा आलेख, आडवे गुण, उभी सॅट, आधीच्या मुलांचे हिरवे आणि लाल ठिपके. माझ्या जागेच्या आसपास जेवढे हिरवे होते ते जवळपास सगळे ईडीचे. लाल सगळे मार्चवाले. तिथे माझा निर्णय झाला. रारिटनकरकाका बरोबर आहेत, पण सगळ्या देशाचा टक्का बघण्यापेक्षा आपल्या शाळेचे ठिपके बघा. काही शाळांमधून एखादं कॉलेज दरवर्षी पाच मुलं घेतं, शेजारच्या शाळेतून एकही नाही.

दुसरं म्हणजे "आमचंच कॉलेज का?" हा निबंध. ज्या कॉलेजबद्दल तो लिहिताना तुम्हाला लायब्ररी आणि सुंदर कॅम्पसपलीकडे काही सुचत नाही, तिथे ईडी टाकू नका. माझ्या मैत्रिणीने एकाच निबंधात फक्त नावं बदलली होती आणि एका ठिकाणी बदलायची राहिली.

काकू, तुमच्या ओळखीच्या मुलीसारखी मुलं आमच्या डॉर्ममध्ये आहेत. पहिल्या वर्षी ट्रान्स्फरचे अर्ज भरतात. पण मार्चमधून आलेलीही भरतात.

---

कुपर्टिनोची_काकू

बाळा, मराठी छान आहे. आईला सांग.

---

मीठभाकर

एक राहिलं. सगळे 1 नोव्हेंबर म्हणजे जगबुडी असल्यासारखं बोलतात. व्हँडरबिल्ट, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, टफ्ट्स यांच्याकडे ईडीची दुसरी फेरी असते. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत. प्रिन्स्टनने डिसेंबरात नाही म्हटलं किंवा पुढे ढकललं, तरी ही फेरी मोकळी असते. आयव्हीपैकी कोणाकडे ती नाही, पण म्हणून ती कॉलेजं काही रस्त्यावर पडलेली नाहीत.

म्हणजे ज्याला प्रिन्स्टन खरंच हवंय त्याने नोव्हेंबरात तिथे टाकावं, सोबत रटगर्सला साधं अर्ली टाकावं (सरकारी आहे, चालतं), आणि बांधून घ्यायचंच असेल तर जानेवारीत घ्यावं. तोवर घरातल्यांना कॅल्क्युलेटर भरायला दोन महिने जास्त मिळतात.

---

रारिटनकर

मीठभाकर, दुसऱ्या फेरीत तोवर पहिल्या फेरीने जागा खाल्लेल्या असतात आणि डिसेंबरात नकार मिळालेली सगळी हुशार मुलं तिथेच येऊन थडकतात. मी अजूनही पहिली फेरीच म्हणेन. पण रटगर्स सोबत टाकाच, ते सगळ्यांना सांगतोय. आणि मुदतीच्या रात्री अकराला सबमिट दाबू नका, दोन दिवस आधी दाबा.