मदत हवी आहे: भाच्याला ब्लड कॅन्सर, गावाकडून आम्ही काय काय करू शकतो?

नमस्कार. मिरजेजवळच्या एका गावातून लिहितोय. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये निदान झालं, एएलएल. रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो म्हणे.

आधी काय झालं ते सांगतो, कुणाचं तरी लेकरू वेळेत दवाखान्यात पोचेल. दिवाळीनंतर तो रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठायचा. अंगानं वाढतोय, दुखणारच, असं म्हणून ताई तेल चोळायची. मग दिवसाही चालायला नको म्हणू लागला, सारखं कडेवर घे. संध्याकाळी कणकण. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, नंतर टॉनिक दिलं. पोरगं पांढरंफटक पडत होतं, पण रोज बघणाऱ्या आम्हाला ते कळलंच नाही. एका रात्री ताईनं त्याचे मोजे काढले, तर रबराच्या जागी घोट्याभोवती टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके. बोटानं दाबले तरी जाईनात. दुसऱ्या दिवशी मिरजेत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी केली. हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट २८ हजार, दोन्ही खूपच कमी. सहा आठवड्यांत ही साधी रक्ततपासणी कुणी सांगितली नाही आणि आम्हीही मागितली नाही. हे डोक्यातून जात नाही.

आता ताई-दाजी मुंबईत आहेत, नऊ वर्षांची भाची आमच्याकडे. मला विचारायचंय ते असं: राहण्याची सोय कुठे होते? तो मधेच गावी आला तर घरात काय सांभाळायचं? आणि भाची. ती जेवताना मधेच थांबते. परवा माझ्या बायकोला म्हणाली, "मामी, मी त्याला ढकललं होतं, म्हणून झालं का?" तिला काय सांगू?

लेकीची आई:

दादा, माझी मुलगी याच आजारातून उठली, आता आठवीत आहे. आधी भाचीचं. तिला जवळ घेऊन स्पष्ट सांगा की ढकलल्यानं, भांडल्यानं हा आजार होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. आजाराचं नाव तिच्यापासून लपवू नका. माझ्या मोठ्या मुलाला आम्ही सहा महिने "ताप आहे" एवढंच सांगत राहिलो आणि तो मनातल्या मनात कुढत राहिला. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून द्या.

राहण्यासाठी वॉर्डातल्या समाजसेवकांना आजच भेटायला सांगा. सेंट ज्यूड्सच्या केंद्रांत उपचार चालू असलेल्या मुलांची कुटुंबं फुकट राहतात, पण तिथं हॉस्पिटलमार्फतच जावं लागतं. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स एका फाइलीत ठेवा आणि सरकारच्या महात्मा फुले योजनेसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

आणि एक कळकळीनं सांगते. बहुतेकदा पहिल्या महिनाभरात रिपोर्ट चांगला येतो, पोरगं खेळायला लागतं. तेव्हाच घरचे म्हणतात, बरा झाला, आता कशाला केमो. कुणी झाडपाल्याचा माणूस सुचवतं. उपचार साधारण दोन ते अडीच वर्षांचे असतात, ते पुरे करायचे. दाजी पैशासाठी, शेतासाठी कासावीस होतील. तेव्हा त्यांच्या वाटणीचं पाणी पाजायला, गुरं बघायला तुम्ही उभे राहिलात तर ती सगळ्यात मोठी मदत.

बालरोगतज्ज्ञ, नागपूर:

घरी आल्यावर थर्मामीटर हाताशी ठेवा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजलेले असोत, लगेच दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. जवळचं कोणतं रुग्णालय असा ताप सांभाळेल, हे टाटातल्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळीही नको. गावात कांजिण्यांना देवी आल्या म्हणतात आणि दवाखान्यात कुणी जात नाही. तशा घरातलं मूल याच्या जवळ येऊन गेलं असेल, तर अंगावर काही उठायची वाट न बघता फोन करा.

तुमच्या ठिपक्यांबद्दल वाचून इतर पालकांसाठी लिहितो. पाय दुखणं बहुतेक वेळा साधंच असतं. पण दुखण्यानं मूल खेळणं सोडतं, लंगडतं, सोबत ताप किंवा फिकेपणा असतो, तेव्हा सीबीसी आणि रक्ताची स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून पेशी बघायची तपासणी) मागून घ्या. अशा मुलाला संधिवात समजून आधीच स्टेरॉइड सुरू केलं तर आजार काही काळ दबतो आणि निदान लांबतं, हे मी पाहिलेलं आहे. मुलांच्या दुसऱ्या कॅन्सरच्याही काही खुणा लक्षात ठेवा. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुली पांढरी चमकली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. आंघोळ घालताना पोटात गोळा हाताला लागला, तर पुन्हापुन्हा दाबून बघू नका, सोनोग्राफी करा. सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी आणि उलटी, तीही रोज, हे पित्त म्हणून सोडू नये.

सहा आठवड्यांचं ओझं मनावर घेऊ नका. हा आजार सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो. ताईंनाही हे सांगा, त्यांनाही तेच वाटत असणार.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. तुमचं लिहिणं ताईला फोनवर वाचून दाखवलं. खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, समाजसेवकांकडे सकाळी जाते. दाजींच्या उसाचं पाणी मी आणि भाऊ वाटून घेतोय.

भाचीला काल ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, त्याचे केस जाणार का. जातील आणि परत येतील, असं म्हणालो. शनिवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघतोय, तिलाही भावाला बघायचंय. वॉर्डात मुलांना सोडत नसतील तर खाली आवारात दहा मिनिटं तरी भेट होऊ शकते का? कुणाला माहीत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, म्हणजे तिला तसं सांगून ठेवतो.