जिम्नीला लिफ्ट: रोज हायवे, शनिवारी शेतरस्ता. 40 मिमी घ्यावी की 50?

वरंबा११

गाडी मारुती जिम्नी पाच-दारी, मॅन्युअल, 2023 ची. टायर कंपनीचेच, 195/80 आर15. रोज सातारा ते कराड आणि परत, म्हणजे शंभरेक किलोमीटर हायवे, गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस. शनिवार-रविवार मल्हारपेठेच्या वरच्या अंगाला शेत. शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या. गाळप सुरू झालं की त्या खोल होत जातात आणि मधल्या वरंब्याला गाडी खालून घासते.

गाडी उंच करायला, म्हणजे लिफ्टला, पर्याय तीन दिसतात. स्प्रिंगखाली 30 मिमीचे स्पेसर (जाड चकत्या) आणि शॉकअप तेच. किंवा 40 मिमीचं स्प्रिंग-शॉकअप किट. किंवा 50 मिमी, सोबत कास्टर बुश (पुढच्या अॅक्सलचा फिरलेला कोन परत आणणारे) आणि अॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (अॅक्सल बाजूला सरकू न देणारा). लोखंडी बंपर, विंच काही नाही, लावायचंही नाही. कधीतरी मागे खताची चार पोती. टायर 215/75 किंवा 235/75 करायचे मनात आहे. बजेट सगळं धरून 70 हजार. हायवेला गाडी डुलायला लागली तर उपयोग नाही, हे आधीच सांगतो.

घोडीवर_गाडी

लिफ्टचं नंतर बघू, आधी घासतंय काय ते शोधा. यावरच सगळं ठरतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

चुना कालवा, ब्रशने गाडीच्या पोटाखाली पाच ठिकाणी लावा: पुढच्या अॅक्सलचा डिफरन्शियलचा गोळा, मागचा गोळा, मागच्या ट्रेलिंग आर्मचे (अॅक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे) अॅक्सलवरचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा आडवा क्रॉसमेंबर, आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) तळ. वाळू द्या. मग त्याच वाटेने एकदा सावकाश जाऊन या आणि कुठला चुना खरवडला ते बघा. पाऊस पडून गेल्यावर नको, चिखल सगळं पुसून टाकतो.

कारण असं. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे. स्प्रिंग कितीही उंच घाला, अॅक्सल जमिनीपासून तेवढाच राहतो, वर जाते ती फक्त चासी. गोळा किंवा ब्रॅकेट घासत असेल तर लिफ्टवर घातलेला पैसा वाया. तिथे टायरचा व्यास वाढला तरच फरक, आणि तोही वाढीच्या निम्मा. आकडे बघा:

195/80 आर15 चा व्यास 693 मिमी.
215/75 आर15 चा 703.5, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम 5 मिमी जास्त.
235/75 आर15 चा 733.5, म्हणजे 20 मिमी जास्त.

म्हणजे 215/75 ने दिसायला बरं दिसेल, वरंब्याला फरक पडणार नाही. 235/75 ने पडेल, पण या मापाला रिम किमान 6 इंच रुंद लागते आणि तुमची साडेपाच आहे. रिमही बदलल्या की बजेट तिथेच संपलं. वर गिअरिंग 5.8 टक्क्यांनी लांब होतं: काटा 80 दाखवेल तेव्हा त्या हिशेबाने गाडी 84 च्या पुढे असते, आणि खंबाटकी घाटाच्या चढाला पाचवा गिअर टिकत नाही, चौथा लागतो.

क्रॉसमेंबर किंवा ट्रान्सफर केस घासत असेल तर मात्र लिफ्टच हवी. पाच-दारीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2590 मिमी आणि रॅम्प कोन, म्हणजे पोट न घासता उंचवटा ओलांडता येतो तो कोन, 24 अंश. 40 मिमी लिफ्टने हा कोन साडेतीन अंशांच्या आसपास वाढतो. तीन-दारीला जो 28 अंश मुळातच मिळतो त्याच्या जवळ जाता.

वजनकाटा

वर सांगितलंय ते बरोबर. त्यात एवढंच घालतो की लिफ्ट इंचांवर निवडायची नसते, वजनावर निवडायची असते.

गाडी वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याच्या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. टाकी भरलेली, ड्रायव्हर बसलेला, रोजचं सामान आत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचं वजन. किट विकणाऱ्याला हे दोन आकडे द्या आणि कोणत्या वजनासाठी कोणती स्प्रिंग ते लेखी घ्या. बहुतेक किटमध्ये एकाच लिफ्टला दोन-तीन प्रकारच्या स्प्रिंग असतात: रिकाम्या गाडीची, मध्यम आणि जड. जड स्प्रिंग लोखंडी बंपर-विंचवाल्यांसाठी, जिथे एकट्या नाकावर साठ-सत्तर किलो कायमचे वाढलेले असतात. ती तुमच्या रिकाम्या, बाराशे किलोच्या गाडीला घातली तर 40 च्या जागी 60 मिमी उचलेल आणि हायवेच्या प्रत्येक जॉइंटवर दणका देईल. दुकानदार मात्र जडच पुढे सरकवतो, ‘पुढेमागे बंपर लावाल’ म्हणून. चार पोती खत म्हणजे दोनशे किलो, पण महिन्यातून एकदा. त्यासाठी रोजची स्प्रिंग बदलायची नाही. पोती सीट पाडून शक्य तितकी पुढे, अॅक्सलच्या वर ठेवा.

तुम्हाला पुढे-मागे दोन्हीकडे हलकी स्प्रिंग, 40 मिमी.

स्पेसर का नको, तेही सांगतो. जिम्नीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. स्प्रिंगखाली 30 मिमीचा स्पेसर घातला की चासी वर गेली, पण शॉकअप जास्तीत जास्त जेवढा उघडतो तेवढाच उघडणार. म्हणजे चाक खाली लोंबायची जागा 30 मिमीने कमी. गतिरोधकावरून उतरताना चाक खाली जातं, शॉकअप शेवटाला आपटतो आणि ‘टक्’ आवाज येतो. तो आवाज म्हणजे शॉकअपच्या आतल्या थांब्यावर आणि वरच्या रबरावर बसलेला मार. चाकोरीत तर उलटंच होतं: एक चाक खड्ड्यात पोचायच्या आतच हवेत सुटतं. उंची वाढली, पकड कमी झाली. पैसे नसतील तर लिफ्ट पुढच्या वर्षी करा, पण हे करू नका.

जांभा_४बाय४

एवढा हिशेब कशाला राव. 75 मिमीचं किट घाला, 235 टायर घाला, विषय संपला. बरेच जण फिरतात की.

वजनकाटा

फिरतात, पण रोज शंभर किलोमीटर हायवे करत नाहीत.

पुढचा अॅक्सल रेडियस आर्मला बांधलेला आहे. चासी वर गेली की आर्म चासीकडच्या बुशभोवती फिरतो, त्याबरोबर अॅक्सलही फिरतो आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. किती ते घरी काढता येतं: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले 57. आर्म 800 मिमी धरला तर 40 ला जवळपास 3 अंश, 75 ला 5 च्या वर. कास्टर गेला की स्टेअरिंग स्वतःहून मध्यावर येत नाही, वळणातून सोडलं तरी तसंच राहतं, आणि नव्वदच्या पुढे ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. कास्टर बुश ठरावीक दोन-तीन अंशच परत देतात. 75 ला नवे आर्म किंवा आर्म खाली घेणारे ब्रॅकेट आले, म्हणजे तेच ब्रॅकेट आता वरंब्याला घासणार. मग उचललं कशाला?

पॅनहार्ड रॉडचंही तेच. रॉड तिरपा होत गेला की अॅक्सल एका बाजूला सरकतो. 850 मिमीचा रॉड, आधीचा उतार 60 मिमी असं धरलं तर 40 मिमी लिफ्टला अॅक्सल 4 मिमी सरकतो, 75 ला 9. लिफ्ट दुपटीलाही पोचत नाही आणि सरकणं दुपटीच्या वर जातं. पुढचा एका बाजूला, मागचा दुसऱ्या बाजूला सरकला की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. 40 ला मूळ रॉड चालून जातो. त्यापुढे अॅडजस्टेबल लागतोच.

वरंबा११

चुना लावून पाहिला. क्रॉसमेंबरवरचा पूर्ण खरवडला गेला, ट्रान्सफर केसवर ओरखडा. मागच्या डाव्या ट्रेलिंग आर्मच्या ब्रॅकेटला थोडासा. दोन्ही गोळे कोरे.

मग 40 मिमी, हलकी स्प्रिंग, लांब शॉकअप, टायर आहेत तेच, असं ठरवतोय. सोबत कास्टर बुश आत्ताच टाकावेत का? आणि बसवताना कुठे लक्ष ठेवायचं? एमआयडीसीतला जो मेकॅनिक करणार आहे त्याने थार-बोलेरो केल्यात, जिम्नी नाही.

घोडीवर_गाडी

चुन्याने काम सोपं केलं. ब्रॅकेटचं म्हणाल तर चाकोरीत डावं चाक जास्त खोल जातंय. चाकं चाकोरीत घालण्याऐवजी एक बाजू वरंब्यावर घेऊन चाललात तर तेही सुटेल.

कास्टर बुश आत्ताच टाका, कारण आर्म तसेही सैल करायचे आहेत. पण बुशचं भोक मध्यावर नसतं, दिशा असते. उलटा बसला तर तीन अंश मिळायच्या ऐवजी आणखी तीन जातात. आर्म उतरवायच्या आधी जुन्या बुशवर आणि आर्मवर मार्करने रेघ मारा, फोटो काढा. जुने बुश प्रेसवर काढायचे. गॅसकटरने रबर जाळून काढू देऊ नका, आर्मचा डोळा तापतो आणि नवा बुश सैल बसतो.

बसवायचा क्रम:

जॅक चासीखाली, गाडी घोड्यांवर (स्टँडवर), चाकं काढलेली. अॅक्सलखाली वेगळा जॅक, कारण शॉकअप सुटला की अॅक्सल ब्रेकच्या होजवर लोंबतो आणि होज आतून फाटतो. बाहेरून कळतही नाही. पुढे शॉकअप, अँटी-रोल बारची लिंक आणि पॅनहार्डचं एक टोक सोडलं की अॅक्सल खाली येतो आणि स्प्रिंग हाताने निघते. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लागत नाही. तिथेच एबीएसची वायर आणि ब्रेदरची (अॅक्सलची हवा जायची) नळी क्लिपमधून मोकळी करा.

नव्या स्प्रिंगवर डावी-उजवी खूण असेल तर ती पाळा. तळाचं टोक सीटवरच्या खाचेला टेकलं पाहिजे. बोटभर अंतर राहिलं तरी ती बाजू उंच राहते आणि स्टेअरिंग वळवताना कडकड आवाज येतो. रबरी पॅड विसरू नका.

शॉकअप लांब असेल तर तो बंद असतानाही मूळपेक्षा लांब असतो. म्हणून बम्प स्टॉप (अॅक्सलला वर थोपवणारे रबरी थांबे) खाली यायला हवेत. तपासायची पद्धत: स्प्रिंग न घालता शॉकअप लावा, जॅकने अॅक्सल वर उचला, बम्प स्टॉप टेकेपर्यंत. त्या क्षणी शॉकअपची आणखी 10-15 मिमी चाल शिल्लक हवी. नसेल तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात शॉकअपचा माउंट वाकेल. मग अॅक्सल पूर्ण खाली सोडा, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, आणि ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बोटाने दाबून बघा.

शॉकअपच्या वरच्या नटाला इम्पॅक्ट गन लावू देऊ नका. दांडा गरगर फिरतो, सील तिथेच जातं. दांडा पान्याने धरून हाताने आवळायचं.

आणि सर्वात जास्त चुकतं ते हे: रबरी बुशांचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना आवळायचेच नाहीत. रेडियस आर्म, ट्रेलिंग आर्म, पॅनहार्ड, शॉकअपची खालची टोकं, सगळे नट नुसते टेकवायचे. चाकं लावून गाडी जमिनीवर, चार-पाच वेळा दाबून, मागेपुढे ढकलून, स्वतःच्या उंचीवर बसू द्यायची, मग टॉर्क पान्याने आवळायचं. लोंबत्या अवस्थेत आवळलं तर बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी 10 मिमी जास्त उंच दिसते, मालक खूष, आणि सहा महिन्यांत बुश फाटतात. खड्डा खणून केलेल्या रॅम्पवर हे सोपं जातं. मेकॅनिकला फक्त हा एक परिच्छेद वाचायला दिलात तरी चालेल.

अलाइनमेंट_मिरज

बसवून झाल्यावर स्टेअरिंग मध्यावर राहणार नाही. चासी वर गेली की ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) चाकं ओढते. अलाइनमेंटवाले स्टेअरिंग काढून सरळ बसवतात किंवा टाय रॉड फिरवतात, दोन्ही चूक. ड्रॅग लिंकचा स्लीव्ह फिरवूनच मध्य आणायचा, टो (पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलीत ते) नंतर. स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. मध्य चुकीचा राहिला तर ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) वाटतं गाडी वळतेय, आणि ते सरळ रस्त्यावर ब्रेक मारतं. काम झाल्यावर सेन्सरचं शून्य स्कॅनरने सेट करून घ्या. प्रिंटमध्ये टोबरोबर कास्टरचा डावा-उजवा आकडाही मागा. लिफ्टच्या आधीची प्रिंट असेल तरच तुलना होते, म्हणून आधी एक काढून ठेवा.

किंगपिन बेअरिंग आणि पॅनहार्डचे बुश लिफ्टच्या आधी तपासा. चाक उचला, वरखाली धरून हलवा. जरा जरी खेळ लागला तरी आधी तो काढा. अखंड अॅक्सलच्या गाडीत सत्तर-ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं ते बहुतेक वेळा इथून किंवा चाकाच्या बॅलन्सिंगमधून. लिफ्टने ते रोग येत नाहीत, लपलेले वर येतात. स्टेअरिंग डॅम्पर घालून थरथर दाबू नका.

हेडलाइट भिंतीसमोर लावून खाली घ्या, नाहीतर समोरून येणारा डोळे मिटतो. 500 किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने. स्प्रिंग पहिल्या हजारेक किलोमीटरात थोडी बसते. म्हणून मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं माप चारही बाजूंनी आजच लिहून ठेवा.

कलम५२

तांत्रिक झालं, कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ(4) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर घ्या, अपघातानंतर सर्व्हेअर पहिलं तेच शोधतो. मूळ स्प्रिंग-शॉकअप फेकू नका, तेल लावून गोणीत बांधून ठेवा.

वरंबा११

ठीक. शनिवारी काट्यावर नेतो, आकडे इथे टाकतो. कास पठाराकडेही न्यायची होती चाचणीला.

घोडीवर_गाडी

कासला डांबरी रस्त्यावरून जा आणि डांबरीवरूनच परत या. पठारावर चाक उतरवायचं नाही, 2012 पासून तो जागतिक वारसा आहे. चाचणीला यवतेश्वरचा घाट पुरे: उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, वळण संपताना स्टेअरिंग हलकं सोडून बघा. स्वतःहून मध्यावर येत असेल तर कास्टर बुश सरळ बसलेत.